जुन्या फोटोंची दुरुस्ती, संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : एक अभ्यास

मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत समाजातील जुनी छायाचित्रे छापावीत असे बैठकीत ठरले आणि ती गोळा करण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही बँकेत कारकून. शिक्षण कला शाखेचे. छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण आम्हांस नाही. परंतु गेल्या काही वर्षांत सुटीच्या दिवशी संगणकावर जुने फोटो साफ करण्याचा नाद लागला आहे, हे सभासदांना ठाऊक असल्यामुळे हे काम आमच्या वाट्याला आले असावे. या कामात जे शिकलो, जे चुकलो, ते विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

प्रारंभ एका प्रसंगाने करतो. यावल तालुक्यातीलच एका खेड्यातील आजींनी आम्हांला एक फोटो दिला. धर्मांतरानंतरच्या एक-दोन वर्षांत गावातील मंडळींनी एकत्र बसून काढून घेतलेला. तीन इंच बाय चार इंचांचा, कोपरा दुमडलेला, मधून एक पांढरी भेग गेलेला. त्यात अकरा माणसे. पुढच्या रांगेत पांढरे लुगडे नेसलेल्या आजींच्या आई. बाईंच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके.

मंडळातील एका उत्साही मुलाने तो फोटो आपल्या मोबाईलवर घेतला, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनात टाकला आणि अर्ध्या मिनिटात नवा करून आणला. भेग गेली होती. चेहरे लख्ख झाले होते. रंगही आले होते. आम्हीसुद्धा क्षणभर हरखून गेलो. त्याची मोठी प्रत काढून आम्ही आजींकडे नेली. त्यांनी ती बराच वेळ डोळ्यांजवळ धरली, मग आमच्या हातात परत देत म्हणाल्या, "हे काही माही माय नाही."

घरी येऊन दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले तेव्हा चूक दिसली. पांढरे लुगडे गुलाबी झाले होते. नाक थोडे सरळ झाले होते. आणि हनुवटीवरचे गोंदण यंत्राने डाग समजून पुसून टाकले होते. आजींचे म्हणणे अक्षरशः खरे होते. फोटोतील बाई आता दुसरीच कोणीतरी होती.

ही चूक त्या मुलाची नव्हे. साधन काय करते हे न समजता ते वापरले आणि मूळ फोटोशी न ताडता प्रत काढली, ही आमचीच चूक. म्हणून प्रथम हे समजून घेऊ की जुन्या चित्राला हात लावणे ही किती जबाबदारीची गोष्ट आहे. त्यासाठी फार दूर जावयास नको.

अजिंठ्याचा धडा

अजिंठ्याची लेणी जळगावहून सुमारे साठ किलोमीटर. वाघूर नदीच्या वळणावर कोरलेली ही सुमारे तीस लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंतची. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या ती दृष्टीस पडली, आणि १९८३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्यांचा समावेश झाला. या लेण्यांतील चित्रांच्या नकला आणि दुरुस्त्या यांचा इतिहास म्हणजे आपल्या विषयाचा पहिला पाठच आहे.

मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांना १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमले गेले. अजिंठा गावी राहून त्यांनी वर्षानुवर्षे मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या. त्या विलायतेस पाठवल्या गेल्या आणि बहुतेक सर्व १८६६ सालच्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. फारच थोड्या उरल्या. गिल यांनी कॅमेराही हाताळला व लेण्यांचे फोटो घेतले. १८७९ साली ते वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. यावलहून तापी ओलांडली की भुसावळ. परंतु ही कबर आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली असेल?

पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार होते. त्या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर काही तरुण भारतीय चित्रकार नकला करण्यासाठी आले. त्यांत नंदलाल बोस होते. हेच नंदलालबाबू पुढे १९३६ च्या डिसेंबरात आपल्या यावल तालुक्यातील फैजपूरला आले आणि खेड्यात भरलेल्या काँग्रेसच्या त्या पहिल्या अधिवेशनाची सजावट त्यांनी बांबू-चटईसारख्या गावच्या साध्या साहित्यातून उभी केली.

या नकलाकारांच्या कामातून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली, एकच प्रत एकाच ठिकाणी ठेवू नये. आग तिला ओळखत नाही. दुसरी, नक्कल करणाऱ्याचा हात नकलेत उतरतोच.

दुरुस्तीचा पाठ याहून कडू आहे. लेणी ज्यांच्या राज्यात होती त्या निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून दोन जाणकार बोलावले. भिंतीवरून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, ही मोठी कामगिरी. परंतु चित्रांवर लाखेचे व्हार्निशही चढवले. हे व्हार्निश कालांतराने पिवळे-तपकिरी पडले व त्याने मूळचे रंग झाकले. ते उतरवण्याचे जिकिरीचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या रसायनतज्ज्ञांना नंतर अनेक वर्षे करावे लागले. हेतू वाईट नव्हता. पण जे काढता येणार नाही असे काही मूळ वस्तूवर चढवू नये, हा नियम त्यातून ठळक झाला.

आता संगणकाचे युग पाहा. १९९१ च्या सुमारास बेनॉय बहल यांनी चित्रांना धक्का न लावता, अगदी मंद प्रकाशात, लांबलचक वेळ कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून अजिंठ्याचे रंग टिपले. आपल्या नाशिकचे प्रसाद पवार यांनी अनेक वर्षे खपून लेण्यांतील चित्रांचे फोटो घेतले आणि झिजलेला, गळून पडलेला भाग संगणकावर भरून काढण्याचा प्रयत्न केला. अलीकडे या कामाला कृत्रिम बुद्धिमत्तेचीही जोड मिळाली, आणि अजिंठ्याच्या अशा डिजिटल प्रती नॉर्वेच्या उत्तर टोकाला, स्वालबार्ड बेटावरील जुन्या कोळशाच्या खाणीत २०१७ साली सुरू झालेल्या अभिलेखागारात ठेवल्या गेल्या.

या कामाचे वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. भिंतीवरील चित्राला कोणी बोट लावलेले नाही. सर्व भर प्रतीवर. ती कोणाला पटली नाही तर बाजूला ठेवता येते; मूळ चित्र जसेच्या तसे आहे. व्हार्निश आणि संगणक यांतील फरक हाच होय.

फोटो म्हणजे बिंदूंचा हिशेब

आम्ही आकडेमोडीच्या धंद्यातले, म्हणून हिशेबाने सांगतो. संगणकातील फोटो हा बारीक चौकोनी बिंदूंचा बनलेला असतो. त्यांना पिक्सेल म्हणतात. स्कॅनर एका इंचात किती बिंदू वाचतो, त्यावर सर्व अवलंबून आहे. आजींचा फोटो तीन इंच बाय चार इंचांचा. तो इंचाला ६०० बिंदू या प्रमाणाने स्कॅन केला तर १८०० गुणिले २४००, म्हणजे ४३ लाख २० हजार बिंदू मिळतात. छपाईला इंचास ३०० बिंदू पुरतात. म्हणजे हा फोटो सहा बाय आठ इंचांपर्यंत चांगला छापता येतो.

आता एका चेहऱ्याचा हिशेब पाहू. मूळ फोटोत बाईंचा चेहरा जेमतेम सहा मिलिमीटर रुंद. म्हणजे सुमारे १४२ बिंदू. गोंदणाचा एकेक ठिपका साधारण पाच बिंदूंचा. इंचाला ३०० बिंदूंनी स्कॅन केले तर तोच ठिपका दोन-तीन बिंदूंचा उरेल आणि मोबाईलने घाईत घेतलेल्या फोटोत तर त्याचा मागमूसही राहणार नाही. एका बाईची आयुष्यभराची ओळख पाच बिंदूंवर उभी आहे! म्हणून स्कॅनिंगमध्ये कंजुषी करू नये.

यंत्राला आपण म्हणतो, "हा चेहरा चौपट मोठा कर." लांबी चौपट, रुंदी चौपट, म्हणजे बिंदू सोळापट. सोळांपैकी एक बिंदू मूळ फोटोतला. उरलेले पंधरा आले कोठून? ते यंत्राने अंदाजाने भरलेले असतात. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर पंधरा नोंदी व्हाउचरशिवाय झाल्या! असा हिशेब कोणताही ऑडिटर पास करणार नाही.

हाताने करावयाचे काम

फोटो दुरुस्तीचे प्रसिद्ध सॉफ्टवेअर म्हणजे फोटोशॉप. अमेरिकेतील थॉमस आणि जॉन नोल या दोन भावांनी ते तयार केले व ॲडोबी कंपनीने १९९० च्या फेब्रुवारीत ते बाजारात आणले. ते आज वर्गणी भरून वापरावे लागते. विद्यार्थ्यांनी त्यासाठी खोळंबून राहू नये, अथवा चोरीच्या प्रती वापरू नयेत. १९९६ पासून उपलब्ध असलेले जिम्प हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे. फोटोपी हे तर इंटरनेटच्या ब्राउझरमध्येच चालते. तत्त्वे सर्वत्र सारखीच आहेत. एका ठिकाणी हात बसला की दुसरीकडे अडचण येत नाही.

कामाचा क्रम आम्ही पुढीलप्रमाणे ठेवतो.

(१) मूळ फोटो मऊ कोरड्या कुंचल्याने झाडावा. पाणी, थुंकी, खोडरबर यांचा वापर करू नये. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये; काचेसकट स्कॅन करावा.

(२) स्कॅनर नसल्यास फोटो खिडकीजवळ सावलीत सपाट ठेवून, मोबाईल त्याला समांतर धरून, फ्लॅश बंद करून टिपावा. फोटोची मागील बाजूही टिपावी. नाव, तारीख, स्टुडिओचा शिक्का बहुधा तेथेच असतो.

(३) पहिली प्रत टिफ या प्रकारात जतन करावी. जेपेग प्रकारात बदल करून फाईल पुन्हा पुन्हा जतन केली की दर वेळी थोडा तपशील गळतो. या पहिल्या प्रतीवर काम करू नये. तिची नक्कल घेऊन त्या नकलेवर काम करावे.

(४) लेयर म्हणजे थर. चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्या कागदावर रंगवावे, तसे. कागद उचलला की खाली मूळ चित्र अबाधित. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ पासून आहे आणि आमच्या मते या सॉफ्टवेअरमधील शिकण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे. प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या थरावर करावी.

(५) प्रथम उजेड नीट करावा. पिवळ्या पडलेल्या फोटोत खरा काळा आणि खरा पांढरा उरलेला नसतो. लेव्हल्स या साधनाने काळ्याची व पांढऱ्याची टोके जागेवर आणली की अर्धा फोटो आपोआप जिवंत होतो. बरेचसे फोटो येथेच थांबवता येतात.

(६) मग भेगा व डाग. क्लोन स्टॅम्प शेजारचा भाग उचलून भेगेवर ठेवतो. हीलिंग ब्रश तेच काम करतो, शिवाय आजूबाजूच्या उजेडाशी मेळही घालतो. सुरुवात भिंत, जमीन, आकाश येथून करावी. चेहऱ्यावर शेवटी यावे, लहान कुंचल्याने आणि मोठे करून पाहत. डाग कोणता आणि तीळ कोणता, जखमेचा व्रण कोणता, हे घरच्या माणसास विचारल्याशिवाय चेहऱ्यावरचा एकही ठिपका पुसू नये.

हात बसावयास वेळ लागतो. आमचे पहिले चार-पाच फोटो मेणाच्या पुतळ्यांसारखे झाले होते. फोटो स्टुडिओतील जुने कारागीर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने चेहरे दुरुस्त करीत. तेच कौशल्य येथे माऊसने करावयाचे आहे. साधन बदलले तरी नजर मात्र मिळवावीच लागते.

कृत्रिम बुद्धिमत्ता काय करते?

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळू. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आले. २०२३ साली फोटोशॉपमध्येच अशी सोय आली की फोटोचा भाग निवडून दोन शब्द लिहिले की यंत्र तेथे नवे चित्र भरून देते. त्यानंतर मोबाईलवर अशी साधने पावसाळ्यातील गवतासारखी उगवली.

या साधनांना कोट्यवधी चित्रे दाखवून शिकवलेले असते. डोळ्याखाली साधारण काय असते, भिंतीला साधारण कोणता रंग असतो, याची त्यांना सवय झालेली असते. फोटोत जागा रिकामी किंवा अस्पष्ट दिसली की साधारणतः जे असते ते तेथे भरावयाचे, एवढेच ते यंत्र जाणते. ते खोटे बोलत नाही, कारण खरे काय होते हे त्याला माहीतच नसते. मात्र ज्या चित्रांवर ते शिकले, त्यांत खानदेशच्या खेड्यातील, गोंदलेल्या हनुवटीच्या, नऊवारी लुगड्यातील आज्या किती असणार? म्हणून ते आपल्या माणसांना ओळखत नाही. त्यांना बदलून ओळखीचे करून टाकते.

रंगांचेही तसेच. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंगाची नोंद नसते, फक्त उजेडाची असते. शिवाय जुन्या काळच्या पुष्कळ फिल्म तांबडा रंग टिपत नसत आणि निळ्या रंगाला जादा उजळ दाखवीत. त्यामुळे निळा झेंडा फोटोत फिका दिसतो, आणि यंत्र त्याला पांढरा ठरवून मोकळे होते. याउलट १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला गेलेल्या स्त्री-पुरुषांनी पांढरी वस्त्रे परिधान केली होती. घरात दुसरे लुगडे नसलेल्या बाईने कोठून तरी पांढरे मिळवले, अशा आठवणी आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. त्या पांढऱ्या रंगामागे निर्धार होता. यंत्राने ते गुलाबी केले तर चित्र सुंदर दिसेल, पण इतिहास खोटा होईल.

म्हणून ही साधने टाकाऊ आहेत असे मात्र आमचे म्हणणे नाही. पार्श्वभूमीतील ओरखडे घालवणे, बुरशीचे ठिपके शोधणे, माणसाची आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी निवडणे, अशी कामे ती झटपट करतात. त्याहून मोठा उपयोग शिकण्यासाठी. "फोटोचा डावा भाग काळा पडला आहे, जिम्पमध्ये तेवढाच भाग कसा उजळावा?" असे साध्या मराठीत विचारले तरी ही साधने पायरीपायरीने उत्तर देतात. यावलसारख्या गावी क्लास नाही, शिक्षक नाही, ही सबब त्यामुळे बरीचशी संपली. मात्र कधीकधी नसलेला मेनूही ती आत्मविश्वासाने सांगतात. तेव्हा सांगितलेले प्रतीवर करून पाहावे, जमले तरच खरे मानावे. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका, हा कालामांना केलेला उपदेश आपल्याला पाठ आहे. तो यंत्रालाही लागू करावा. शिक्षक म्हणून हे यंत्र चालेल. साक्षीदार म्हणून चालणार नाही.

पाळावयाचे नियम

जुन्या हातखातेवहीत चुकलेली नोंद खोडून, खरवडून काढण्यास सक्त मनाई असे. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारावयाची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहावयाचा आणि शेजारी सही करावयाची. फोटोच्या बाबतीत आम्ही हीच पद्धत स्वीकारली आहे.

प्रत्येक फोटोच्या तीन प्रती ठेवाव्यात. पहिली 'मूळ', म्हणजे स्कॅन केलेली, हात न लावलेली. दुसरी 'साफ केलेली', म्हणजे उजेड व भेगा दुरुस्त केलेली. यात नवे काहीही भरलेले नसावे. तिसरी, हवी असल्यास, 'काल्पनिक', म्हणजे यंत्राने रंगवलेली किंवा भरलेली. तिसरी प्रत छापताना फोटोखाली "यंत्राने रंगवलेले चित्र" असे स्पष्ट छापावे. फाईलच्या नावातच वर्ष, गाव व प्रत लिहावी. मूळ प्रत किमान दोन वेगवेगळ्या घरी ठेवावी. क्रिस्टल पॅलेसची आग आठवावी.

बाबासाहेबांच्या फोटोंबाबत तर फारच दक्षता हवी. जयंतीच्या फलकांसाठी हल्ली मुले यंत्राकडून चित्रे करवून घेतात. बाबासाहेब कधीही न बसलेल्या ठिकाणी बसलेले, कधीही न भेटलेल्या माणसाशी बोलताना दिसतात. चित्रातील देवनागरी अक्षरेही पुष्कळदा मोडकी असतात. भक्तिभावाने केलेले असले तरी वीस वर्षांनी एखादा विद्यार्थी तेच चित्र पुरावा म्हणून दाखवील. ज्या महापुरुषाने प्रत्येक विधानाला आधार दिला, त्याच्या नावावर निराधार चित्र खपवणे आपणांस शोभत नाही.

आणखी एक सूचना भगिनींसाठी व पालकांसाठी. कोणाचाही फोटो, विशेषतः मुलींचा, परवानगीशिवाय अनोळखी साधनांत टाकू नये. तो कोठे साठवला जातो हे आपल्याला दिसत नाही. फोटोत फेरफार करून कोणी त्रास दिल्यास लाजून गप्प बसू नये. १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पोलीस ठाण्यातही तक्रार करता येते. बँकेच्या खिडकीवर आम्ही पैसे भरल्याचे बनावट स्क्रीनशॉटही पाहिले आहेत. हे कौशल्य दुधारी आहे. दाखल्यातील एक अक्षर बदलणे हीसुद्धा दस्तऐवजाची बनावट, म्हणजे गुन्हाच. त्यात एखाद्या हुशार मुलाचे आयुष्य वाया जाऊ शकते.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

शिष्यवृत्ती असो वा नोकरीची परीक्षा, आज प्रत्येक अर्जाला फोटो व सही ठरावीक मापाची लागते. बँक भरतीच्या परीक्षांत फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी एवढीच घेतात. माप चुकले की अर्ज अडतो, आणि एवढ्यासाठी मुले शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत रांगेत उभी राहतात. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा पासपोर्ट फोटो इंचाला ३०० बिंदूंनी म्हणजे ४१३ गुणिले ५३१ बिंदूंचा होतो, एवढे गणित आले तरी हे काम घरी होते. शिकण्याची सुरुवात येथूनच करावी: कापणे, सरळ करणे, लहान करणे.

त्यानंतर लेव्हल्स, मग थर, मग क्लोन स्टॅम्प व हीलिंग ब्रश. रोज एक तास दिल्यास दोन महिन्यांत हात बसतो, असा आमचा अनुभव आहे. एमएस-सीआयटी केलेल्या मुलांना तर हे मुळीच जड नाही. फोटो स्टुडिओ, छापखाने, फलक तयार करणारी दुकाने येथे या कौशल्याला काम आहे. ज्याला फक्त बटण दाबता येते त्याची जागा उद्या दुसरे बटण घेईल. ज्याला फोटोत काय खरे आणि काय भरलेले हे ओळखता येते त्याला लोक शोधत येतील.

समारोप

आजींचा फोटो आम्ही पुन्हा घेतला. ६०० बिंदूंनी स्कॅन केला. भेग हाताने भरली. दोन रविवार गेले. लुगडे पांढरेच ठेवले. चेहऱ्याला फक्त उजेड दिला. गोंदणाचे तीन ठिपके स्पष्ट झाले. फोटो अजूनही थोडा अंधुक आहे. मूळचाच तसा आहे. तो आजींकडे नेला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. बोटाने हनुवटीवरचे ठिपके मोजले आणि पदराने काच पुसली.

नंतर त्यांच्याशेजारी बसून आम्ही फोटोतील माणसांची नावे लिहू लागलो. अकरांपैकी सात नावे त्यांना सांगता आली. चार माणसांची नावे त्यांना आठवेनात. आणि ज्यांना आठवली असती ती माणसे आता नाहीत. कोणतेही यंत्र ही चार नावे भरून देऊ शकणार नाही. विचारले तर देईलही एखादे वेळी, पण ती त्यांची नसतील.

आपल्या समाजाचे फोटो मुळातच थोडे. ज्यांच्या हाती दोन वेळची भाकर नव्हती त्यांनी स्टुडिओत जाऊन फोटो काढून घ्यावा कसा? म्हणून जे आहेत ते अमूल्य होत. तेव्हा सभासदांना विनंती अशी की, घरातील पेटीत, भिंतीवर, पोथीच्या पानांत जे फोटो असतील ते मंडळाकडे स्कॅन करावयास आणावेत. मूळ फोटो त्याच दिवशी परत मिळेल. आणि विद्यार्थी मित्रांना विनंती अशी की, सॉफ्टवेअर सावकाश शिकलात तरी चालेल, पण या सुटीत घरातील वृद्ध माणसाजवळ फोटो घेऊन बसा आणि प्रत्येक चेहऱ्याचे नाव फोटोमागे पेन्सिलीने लिहून ठेवा. हे काम मात्र पुढच्या वर्षावर टाकू नका.

आजींचा तो फोटो या स्मरणिकेत छापला आहे. मागच्या रांगेत डावीकडून दुसरे, तिसरे आणि पाचवे, व पुढच्या रांगेत उजवीकडचे शेवटचे, या चौघांना कोणी ओळखत असल्यास कृपया मंडळास कळवावे.